उलट्या आट्यांचे भक्त

ट्रकच्या डाव्या चाकाचे नट सैल झाले की एक पंडित हटकून निदान सांगतात: आटे चुकले! चाक पुढे फिरताना उजव्या आट्यांचा नट उलगडतो. जुन्या ट्रकना डावीकडे उलटे आटे असत, कंपन्यांनी पैसे वाचवायला ते काढले, आणि चाके निखळू लागली. झाला निकाल.

मग उजवीकडचे नट का सैल होतात? बहुतेक मोटारींना दोन्हीकडे उजवेच आटे असतात. त्या काय रोज दोन चाकांवर घरी येतात? सायकलच्या डाव्या पायडलला उलटे आटे असतात हे मान्य. पण पायडल एकाच आट्यावर उभे असते, त्याला आठ-दहा स्टड मिळून धरत नाहीत.

खरा घोटाळा पुढेच आहे. चाक आट्यांवर लटकते, असे यांना वाटते. प्रत्यक्षात नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो. आखडू पाहणारा तो स्टड रिमला हबवर दाबतो, आणि त्या दाबातून येणारे घर्षण चाक जागच्या जागी ठेवते. मात्र रिम आणि हब यांच्यामध्ये रंगाचा थर, गंज किंवा चिखल राहिला, तर धावताना तो चेपतो. थर केसाहून पातळ असतो, पण स्टडचा ताणही तेवढाच असतो, तो उतरतो. मग रिम हबवर आडवी सरकू लागते, आट्यांमधली पकड सुटते आणि नट आपणहून फिरतो. आडव्या सरकण्याने नट कसा सुटतो, हे अभियंते गेरहार्ड युंकर यांनी 1969 मध्येच प्रयोगाने दाखवले. ताण शाबूत असताना नटाला दिशा कळत नाही.

ताण गेल्यावर मात्र कळते, हे खरे. पण तेव्हाही नियम यांचा नाही! मध्यभागी एकच नट असलेल्या जुन्या इंग्रजी तारांच्या चाकांना उलटे आटे उजवीकडे असत, ट्रकना डावीकडे. दिशा नट आणि चाक यांच्यातल्या बैठकीच्या रचनेवर ठरते. पण रचना पाहायला वाकावे लागते. हेच गृहस्थ टायरमध्ये नायट्रोजन भरून घेतात. साध्या हवेत तो 78 टक्के आधीच असतो, हे सांगून आमचा घसा बसला.

तर करायचे काय? रिम आणि हब यांची बैठक तारेच्या ब्रशने घासावी. नट समोरासमोरचे घेत टप्प्याटप्प्याने आवळावेत. शेवटचा जोर टॉर्क रेंचने, कंपनीने सांगितला तेवढाच द्यावा. पान्याला पाईप लावून त्यावर नाचू नये, स्टड कायमचा ताणला जातो. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे. एवढे करणाऱ्याने आटे खुशाल कुठलेही वापरावेत.