दावा ठोकता येतो, पण कोणावर?

मागे एकदा फोनवर पुण्याच्या काकांनी विचारलं, "काय रे, तुमच्या अमेरिकेत अंगावर कॉफी सांडली तरी दावा ठोकतात म्हणे. मग २६/११ वाल्यांनी पाकिस्तानवर का नाही ठोकला?"

ठोकला होता, काका. तो कसा बुडाला ते ऐका.

नोव्हेंबर २०१० मध्ये, कुलाब्याच्या नरीमन हाऊसमध्ये मारले गेलेले रब्बाय गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांच्या नातेवाइकांनी न्यूयॉर्कमध्ये, ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात दावा लावला. लष्कर-ए-तोयबावर तर लावलाच, पण आयएसआय, तिचे तेव्हाचे प्रमुख शुजा पाशा आणि माजी प्रमुख नदीम ताज यांच्यावरही लावला. पुढे मे २०११ मध्ये शिकागोच्या कोर्टात डेव्हिड हेडलीने शपथेवर सांगितलं की आयएसआयच्या 'मेजर इक्बाल'ने आपल्याला पैसे दिले आणि मुंबईत टेहळणी करायला लावली. हेडली हा अमेरिकन सरकारी पक्षाचाच साक्षीदार! आणि डिसेंबर २०१२ मध्ये त्याच सरकारने ब्रुकलिनच्या कोर्टाला कळवलं की आयएसआय हा परकीय सरकारचा भाग आहे, सबब तिच्यावर दावा चालत नाही, दोन्ही प्रमुखांवरही नाही. २०१३ मध्ये कोर्टाने तिघांनाही दाव्यातून वगळलं. २०१४ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

असं का व्हावं? १९७६ च्या कायद्याप्रमाणे इथे परकीय सरकारवर, काही अपवाद सोडले तर, दावा करता येत नाही. १९९६ मध्ये दहशतवादाचा अपवाद घातला, पण फक्त परराष्ट्र खात्याच्या यादीतल्या देशांपुरता. इराण, क्यूबा, उत्तर कोरिया वगैरे. पाकिस्तान त्या यादीत कधीच नव्हता. ९/११ च्या कुटुंबांना सौदी अरेबियावर दावा करता यावा म्हणून २०१६ मध्ये ओबामांचा नकाराधिकार मोडून नवा कायदा झाला. सेनेटमध्ये ९७ विरुद्ध १ मतांनी! त्यात यादीची अट नाही, पण हानी अमेरिकेच्या भूमीवर झालेली हवी. म्हणजे मुंबईत मेलेले सहा अमेरिकन एका कायद्यात यादीमुळे बसत नाहीत आणि दुसऱ्यात नकाशामुळे.

माझं म्हणणं सरळ आहे. दहशतवाद पोसणाऱ्या सरकारवर दावा करण्याचा हक्क नागरिकाला असलाच पाहिजे, आणि त्या हक्काची किल्ली परराष्ट्र खात्याच्या खिशात असता कामा नये. मारणारा आपल्या सरकारचा मित्र की शत्रू, यावर मेलेल्याचा हक्क ठरणार असेल तर त्याला परराष्ट्र धोरण म्हणा, कायदा म्हणू नका.

यावर लोक म्हणतात, पैसे कुठे मिळतात? इराणविरुद्धचे बरेचसे निवाडे कागदावरच आहेत, हे खरं. पण लॉकर्बीच्या २७० बळींसाठी लिबियाने २००३ मध्ये माणशी एक कोट डॉलरपर्यंत भरपाई कबूल केली होती. शिवाय प्रश्न नुसता पैशाचा नाही. दाव्यात कागद बाहेर निघतात. सौदी प्रकरणात कुटुंबं वर्षानुवर्षं मागे लागली, म्हणून २०२१ मध्ये एफबीआयचे गुप्त कागद खुले होऊ लागले. सरकारने आपणहून दिले नव्हते.

दुसरा आक्षेप ओबामांचाच होता: उद्या दुसरे देशही आपल्यावर दावे लावतील. हा आक्षेप मला खरा वजनदार वाटतो. ड्रोनच्या हल्ल्यात घरची माणसं गमावलेला वझिरिस्तानातला शेतकरी अमेरिकेवर दावा लावेल. लावू दे! मी इथे कर भरतो, त्या भरपाईत माझाही वाटा जाईल. पुरावा टिकला तर तो द्यायची माझी तयारी आहे. न टिकला तर कोर्ट तो फेटाळेल, कोर्ट त्यासाठीच असतं. ज्याला स्वतःच्या अंगणात न्याय हवा त्याने दुसऱ्याच्या अंगणात तोंड लपवू नये.

पण अमेरिकेला नावं ठेवताना आपल्या घरातही डोकवा. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८६ म्हणतं की केंद्र सरकारच्या लेखी संमतीशिवाय परकीय राज्यावर दावा लावता येणार नाही. संमती कधी द्यायची याचे प्रसंगही मोजके: त्या देशाने इथे स्वतः दावा केला असेल, व्यापार करत असेल, वादातली स्थावर मालमत्ता त्याच्या ताब्यात असेल, किंवा त्याने आपला विशेषाधिकार सोडला असेल. दहशतवादाचा शब्दही नाही. होल्ट्झबर्गांच्या नातेवाइकांना निदान कोर्टाची पायरी चढून हरता तरी आलं. सीएसटीवर गाडीची वाट बघताना गोळ्या लागून मेले त्यांच्या घरच्यांना, निवाडा राहू द्या, हरण्याचीही सोय नाही.

दरवर्षी २६ नोव्हेंबरला मेणबत्त्या लागतात, पुढारी भाषणं करतात. त्या भाषणांत कलम ८६ बदलण्याची गोष्ट मी अजून ऐकलेली नाही. काका, पुढच्या वेळी तुमचे खासदार मतं मागायला दारात आले की हा प्रश्न त्यांना विचारा. मला विचारून काय उपयोग!