इंजेक्शनने मिळालेले दिवस

जुनाट कंबरदुखीच्या रुग्णाला डॉक्टरांनी ‘मणक्यात इंजेक्शन घेऊन पाहू’ असे सुचवले, की घरात दोन तट पडतात. एका तटाला वाटते, सुई मणक्यात गेली की पाय लुळे पडणार. दुसऱ्याला वाटते, एकदा टोचून घेतले की काठी कायमची कोपऱ्यात जाणार. भीती आणि भाबडी आशा, दोन्ही रुग्णाला महागात पडतात. म्हणून या उपचारातून गेलेल्या वृद्धांना काय अनुभव येतात, ते आज पाहू.

मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर एपिड्युरल नावाची एक अरुंद जागा असते. दबलेल्या शिरेभोवतीची सूज ओसरावी म्हणून तेथे स्टेरॉइड सोडतात. सुई योग्य जागी पोहोचली की नाही, हे बहुधा सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहतात. या औषधाने सरकलेली गादी जागेवर बसत नाही, की झिजलेला मणका भरून येत नाही. शिरेचा दाह मात्र शमू शकतो.

पहिला अनुभव पहिल्या आठवड्याचा. सायटिकेने बेजार झालेल्या एक आजी इंजेक्शनच्या संध्याकाळी म्हणाल्या, ‘दुखणे पार गेले!’ दुसऱ्या दिवशी पायातील कळ पुन्हा आली आणि घरातले हवालदिल झाले. वास्तविक यात विपरीत काही नव्हते. स्टेरॉइडबरोबर बहुधा बधिर करणारे औषधही देतात. त्याचा प्रभाव काही तासांत ओसरतो, तर स्टेरॉइडचा गुण दिसण्यास दोन दिवसांपासून आठवडाभर लागू शकतो. आजींची कळ पाचव्या दिवसापासून उतरू लागली. पहिल्या दिवशी पाय जड वा बधिर वाटू शकतो. त्या रात्री वृद्धाला एकट्याने न्हाणीघरात जाऊ देऊ नये. इंजेक्शन सुरळीत पार पडावे आणि पडल्यामुळे खुब्याचे हाड मोडावे, असे होता कामा नये.

दुसरा अनुभव मनाला अधिक लागणारा. मधुमेह असलेल्या एका आजोबांची साखर इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशी 340 वर गेली. सुनेला वाटले, मामंजींनी चोरून गोड खाल्ले. आजोबांनी रागाने जेवण सोडले. गोड कोणीच खाल्ले नव्हते. स्टेरॉइडने रक्तातील साखर काही दिवस वाढते, हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. मधुमेही रुग्णाची साखर पहिला आठवडा रोज तपासावी आणि औषधाची मात्रा बदलायची का, हे इंजेक्शनपूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. चेहरा लालसर होणे आणि दोन-तीन रात्री झोप न लागणे, हेही याच औषधामुळे घडू शकते.

तिसरा अनुभव निराशेचा. काही ज्येष्ठांना दोनशे पावले चालले की पायांत गोळे येतात, आणि बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते. मणक्यातील नलिका अरुंद झाल्याचे हे लक्षण असू शकते. अशा एका गृहस्थांना इंजेक्शनने जेमतेम तीन आठवडे आराम पडला. ‘पैसे पाण्यात गेले,’ असे ते म्हणाले. अमेरिकेत याच विकाराच्या 400 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसते बधिर करणारे औषध मिळालेले आणि त्यासोबत स्टेरॉइड मिळालेले रुग्ण यांच्यात सहा आठवड्यांनंतर उल्लेखनीय फरक आढळला नाही. गादी सरकून शीर दबल्याने पायात उतरणाऱ्या कळेवर हे इंजेक्शन अधिक उपयोगी ठरते. नुसत्या कंबरेच्या दुखण्यावर किंवा अरुंद नलिकेच्या त्रासावर त्याचा भरवसा कमी. म्हणून ‘माझे दुखणे यांपैकी कोणते?’ हा प्रश्न होकार देण्याआधी विचारावा.

गुण आला तरी तो बहुधा काही आठवड्यांचा, फार तर काही महिन्यांचा असतो. त्या दिवसांचे आपण काय करतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. दुखणे कमी झाल्याच्या आनंदात माळ्यावरचे डबे उतरवणारेही असतात आणि पुन्हा दुखेल म्हणून पलंग न सोडणारेही. सायटिकेच्या त्या आजींनी तसे केले नाही. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पोटाचे व पाठीचे व्यायाम त्यांनी नेमाने केले आणि अंगणातल्या फेऱ्या हळूहळू वाढवल्या. चार महिन्यांनी थोडी कळ परतली, पण तोवर पाठीच्या स्नायूंत बळ आले होते. दुसऱ्या इंजेक्शनची निकड त्यांना भासली नाही. वरचेवर स्टेरॉइड घेतल्याने हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो, हेही ध्यानी ठेवावे.

सांभाळ करणाऱ्यांनी दोन गोष्टींत हयगय करू नये. रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर ते आधी सांगावे. ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, हृदयविकारतज्ज्ञांचे मत घ्यावे. आणि इंजेक्शननंतर पायातील बळ वाढत्या प्रमाणात जाणे, लघवी तुंबणे वा नकळत होणे, बैठकीची जागा बधिर होणे, ताप येणे, मान ताठणे किंवा उठून बसताच तीव्र डोके दुखणे, यांपैकी काही घडले तर तडक रुग्णालय गाठावे. असे क्वचित घडते, पण घडल्यास उशीर परवडत नाही.

एक छोटी वही ठेवावी. किती पावले चाललो, किती वेळ बसवले, झोप कशी लागली, हे रोज दोन ओळींत टिपावे. पुढच्या भेटीत डॉक्टर ‘गुण आला का?’ असे विचारतील, तेव्हा ती वही नेमके उत्तर देईल, आणि दुसरे इंजेक्शन घ्यावे की नाही, याचा निर्णयही भीतीने वा आशेने नव्हे, तर नोंदी पाहून घेता येईल.