गृहाग्नीची साक्ष

दीपावलीच्या मंगल पर्वास आज प्रारंभ होत आहे. तिन्हीसांजेला तुळशीवृंदावनापाशी पणती लागेल, देवघरात समई तेवेल, धूपाचा गंध घरभर दरवळेल आणि दारावर झेंडूचे तोरण चढेल. या गोष्टी आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की, त्यांनाही कधी धोका संभवतो हे आपल्या मनात येत नाही. म्हणूनच एका दूरच्या, परंतु आपल्याशी जुने नाते सांगणाऱ्या धर्माची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते. तो धर्म म्हणजे प्राचीन ग्रीकांचा.

‘नाते’ हा शब्द आम्ही केवळ अलंकार म्हणून योजिलेला नाही. वेदांतील ‘द्यौष्पितर्’ आणि ग्रीकांचा ‘झ्यूस पातेर’ ही एकाच मूळ नावाची दोन रूपे होत, हे भाषाशास्त्राने निःसंशय ठरविले आहे. आपली उषा व त्यांची एऑस यांचे मूळ एकच. ‘अमृत’ आणि ‘अँब्रोसिया’ हे शब्दही एकाच कुळातले. अश्विनीकुमारांसारखे संकटकाळी धावून येणारे जुळे भाऊ त्यांच्याकडेही आहेत. तथापि साम्य शोधताना विवेक सुटता कामा नये. सर विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ग्रीस, इटली व भारत येथील देवतांवर निबंध लिहिला, तेव्हा आपल्या गणेशाची जोडी रोमच्या जेनसशी लाविली. ती पुढील संशोधनात टिकली नाही. शिवाय मूळ एक असले तरी वाढ निराळी झाली. ग्रीकांकडे झ्यूस देवांचा राजा व वज्रधारी झाला. आपल्याकडे द्यौस् मागे पडला आणि वज्र इंद्राच्या हाती आले.

नावांपेक्षा आचारांतील साम्य आम्हांस अधिक बोलके वाटते. दोन्ही धर्मांना कोणी एक संस्थापक नाही. दोहोंत देव अनेक आहेत. दोहोंत यज्ञ आहे, अग्नीत आहुती आहे आणि पूर्वकाळी पशुबळीही होता. वैदिक ऋषींना देवळांची गरज नव्हती. ग्रीकांनी भव्य देवळे उभारली, तरी त्यांची वेदी बहुधा देवळाबाहेर, उघड्या आकाशाखालीच असे.

सर्वांत जवळचे साम्य आढळते ते घराच्या मध्यभागी. ग्रीकांची हेस्तिया म्हणजे चुलीतल्या अग्नीची देवता. नवजात बालकाला काही दिवसांनी त्या अग्नीभोवती फिरवून घरात घेत. नववधूला चुलीपाशी आणून तिच्यावर सुकी फळे उधळीत. नवी वसाहत करण्यास निघालेले लोक मातृनगरीतील अग्नी बरोबर नेत. आपल्या गृह्यसूत्रांतही विवाहाचा अग्नी हाच नव्या संसाराचा गृह्याग्नी होतो आणि पतिपत्नींनी तो मिळून सांभाळावयाचा असतो. वैश्वदेवाच्या आहुतीवाचून अन्न ग्रहण करू नये, हा दंडक त्याच अग्नीभोवती उभा आहे.

मग ग्रीकांची ती चूल थंड कशी झाली? याचे एक उत्तर इ. स. ३९२ च्या नोव्हेंबर महिन्यात सापडते. रोमन सम्राट थिओडोसियस याने त्या वेळी काढलेल्या आज्ञेने यज्ञबळी तर निषिद्ध ठरविलेच. पण ती आज्ञा घराच्या उंबरठ्याच्या आतही आली. कुलदेवतेपुढे अग्नी चेतवू नये, दिवा लावू नये, धूप जाळू नये, पुष्पमाला बांधू नये, असे तिने बजाविले. मूर्तीपुढे धूप जाळल्याचे सिद्ध झाल्यास ते घर वा ती जमीन जप्त होई. वाचकांनी क्षणभर आपल्या देवघराकडे पाहावे, म्हणजे या आज्ञेचा अर्थ ध्यानी येईल.

आडगावांतून जुने आचार पुढेही कित्येक पिढ्या चालत राहिले. परंतु ग्रीकांचा धर्म नगरराज्याच्या व्यवहाराशी गुंफलेला होता. राज्यसत्ता उलटताच त्याचा आधार गेला; वेदपाठासारखी मुखोद्गत परंपरा सांभाळणाऱ्या शाखा त्याच्यापाशी नव्हत्या. इ. स. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने अथेन्समधील तत्त्वज्ञानाचे अध्यापनही थांबले. काही तत्त्वज्ञ इराणच्या दरबारी आश्रयास गेले. सामान्य गृहस्थ कोठे जाणार?

असाच प्रसंग आपल्या गोमंतकावर आला होता. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. भाविकांनी झुवारी नदी ओलांडून आपले देव वाचविले. त्यांची निष्ठा थोर होती, यात शंका नाही. पण पलीकडचा मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत मोडत होता आणि तेथे या देवांना ठाव मिळाला, हेही विसरता येत नाही. ग्रीक गृहस्थाची निष्ठा उणी होती असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्याला ओलांडावयास नदीच उरली नव्हती. नदीच्या दोन्ही तीरांवर एकाच सम्राटाची आज्ञा चालत होती.

यातून दोन गोष्टी आम्हांस महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की, अग्निहोत्राची घरे आज फार थोडी उरली असली, तरी समईच्या ज्योतीत त्या गृहाग्नीचाच अंश आहे. तो राजसत्तेने विझविला नाही, तरी विस्मरणाने विझू शकतो. मुलांच्या हाती नुसती फुलबाजी देऊन भागणार नाही. पहिली पणती त्यांच्याकडून लावून घ्यावी आणि ती का लावावयाची तेही सांगावे. दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. ज्या समाजाने आपले देव परक्या मुलखाच्या आश्रयाने राखले, त्याने दुसऱ्याच्या घरातील दिव्यावर कधी फुंकर घालू नये. आपल्या अंगणातील प्रकाशाची खरी कसोटी शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर लागते.

ही दीपावली वाचकांच्या घरी सुख, समाधान आणि सद्बुद्धी घेऊन येवो, हीच जगदंबेच्या चरणी आमची प्रार्थना.