फूल आणि दोन पाने

परवा शेजारची एक मुलगी आमच्याकडे आली. नववीत शिकते. शाळेत लोकशाही या विषयावर तिला भाषण करावयाचे होते आणि लिहून आणलेला मजकूर आम्ही एकवार नजरेखालून घालावा, अशी तिची इच्छा होती. मजकूर नीटनेटका होता. आरंभी लोकांचे राज्य, मग निवडणुका, मग मताधिकार, आणि शेवटी ठसठशीत अक्षरांत निष्कर्ष : ‘लोकशाही म्हणजे बहुमताचे राज्य.’

आम्ही विचारले, “आणि ज्यांचे बहुमत नसते, त्यांचे काय होते?”

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “ते हरतात ना!”

उत्तर चुकीचे नव्हते, अपुरे होते. आम्ही तिला तिच्याच आजीकडे पाठविले. आजीबाई आता ऐंशी ओलांडून गेल्या आहेत. १६ जानेवारी १९६७ रोजी त्यांनी आयुष्यातले पहिले मत दिले. ते त्यांनी फुलावर दिले, आणि त्या हरल्या. आमचे घरही फुलाचेच होते. म्हणून या विषयावर आम्ही लिहितो आहोत ते पराभूतांच्या बाकावर बसून, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

तरुण वाचकांसाठी थोडी उजळणी करावी लागेल. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तत्पूर्वीच्या राजवटीत छापावयाचा मजकूर आधी सरकारी तपासनिसापुढे ठेवावा लागे. लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसे, असे घरोघरीची वडीलधारी माणसे सांगत. अशा प्रदेशाला १९६३ च्या डिसेंबरात प्रथमच सर्व प्रौढांच्या मतदानाने विधानसभा मिळाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले, आणि गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा, हा प्रश्न ऐरणीवर आला.

विधानसभेत बहुमत विलीनीकरणवाद्यांचे होते. हात वर करून प्रश्न सोडवावा, असे आमच्यापैकी पुष्कळांना तेव्हा वाटे. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचे म्हणणे निराळे होते. पाच वर्षांसाठी निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी प्रदेशाचे अस्तित्वच कायमचे बदलून टाकावे काय, ते लोकांनाच थेट विचारावयास हवे, असे ते म्हणत. त्या वेळी हा युक्तिवाद आम्हांला वेळकाढूपणा वाटला. आज वाटते, मुद्दा रास्त होता. सरकार चुकले तर पुढच्या निवडणुकीत बदलता येते. पुसलेली सीमा पुन्हा आखणे तितके सोपे नसते. संसदेने १९६६ मध्ये कायदा केला आणि जनमत कौल ठरला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून मंत्रिमंडळाने पायउतार व्हावे, ही विरोधकांची मागणीही पुरी झाली. ३ डिसेंबर १९६६ रोजी बांदोडकरांनी राजीनामा दिला.

कौल हा शब्द गोव्यात कोणास समजावून सांगावा लागत नाही. देवळात मूर्तीला पाकळ्या लावून कौल घेतात. उजवा पडला तर कार्यास लागावे, डावा पडला तर थांबावे. या खेपेस कौल द्यावयाचा होता माणसांनी. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळे राहण्याची दोन पाने. ज्याच्या शब्दावाचून पूर्वी गावात पान हलत नसे, त्या भाटकाराला एक मत, आणि त्याच्या जमिनीत झोपडी बांधून राहिलेल्या मुंडकारालाही एकच मत. जुन्या गावकरीत स्त्रीला शब्द नव्हता. येथे सासू आणि सून एकाच रांगेत उभ्या होत्या. प्रचाराची एक गंमत आजही सांगण्याजोगी आहे. ‘गोमंतक’ विलीनीकरणाच्या बाजूने लिही आणि मडगावचे ‘राष्ट्रमत’ विरोधात. दोन्ही दैनिके मराठी! मराठीने मराठीशी वाद घातला, आणि कोणत्याही तपासनिसाने त्यात लेखणी घातली नाही.

निकाल लागला. ३,१७,६३३ मतदारांनी मत दिले होते. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. अंतर ३४,०२१ मतांचे. आजीबाई सांगतात, त्या संध्याकाळी त्यांच्या घरी चूल पेटली नाही. पलीकडच्या वाड्यावर फटाके वाजत होते. “आता काय व्हायचे, असे वाटले होते,” त्या नातीला म्हणाल्या. मुलीने विचारले, “मग काय झाले, आजी?” आजीबाई म्हणाल्या, “काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पदेराकडून पाव घेतले.”

या ‘काही नाही’मध्ये लोकशाहीचा बराचसा अर्थ भरला आहे, असे आम्हांस वाटते. १,३८,१७० माणसे हरली. परंतु त्यांपैकी कोणाला केवळ फुलावर मत दिले म्हणून गाव सोडावे लागले नाही. ‘गोमंतक’ दुसऱ्या दिवशीही निघाला. मराठी शाळांना टाळे लागले नाही. पक्षावर बंदी आली नाही. उलट, त्याच वर्षी २८ मार्च रोजी, म्हणजे अवघ्या अडीच महिन्यांत, विधानसभेची निवडणूक झाली आणि जानेवारीत हरलेल्या त्याच पक्षाला तीसपैकी सोळा जागा मिळाल्या. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १९७३ साली निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. मतदारांनी जणू सांगितले : तुमचा एक विचार आम्हांस मान्य नाही, पण तुम्ही आम्हांस नकोसे नाही. मुंडकाराला घरातून हुसकावता येऊ नये म्हणून १९७५ साली कायदा झाला, तो याच पक्षाच्या राजवटीत. हरलेल्यांना मुळापासून उपटून टाकले असते, तर त्या झोपडीला हे संरक्षण केव्हा मिळाले असते, कोण जाणे!

तेव्हा बहुमताचे राज्य ही लोकशाहीची अर्धी व्याख्या झाली. उरलेली अर्धी अशी, की अल्पमतात गेलेल्याला आपले मत जवळ बाळगता यावे, ते उघड बोलता यावे, आणि उद्या ते बहुमताचे करून दाखविण्याची संधी त्याच्यापाशी शिल्लक राहावी. त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. डाव सुरू होण्यापूर्वी नियम उभयपक्षी मान्य झालेले असावेत आणि मोजणीवर दोघांचाही विश्वास असावा. शिवाय काही गोष्टी बहुमताच्या हाताबाहेर ठेवाव्या लागतात. आपल्या संविधानाच्या २९ व्या कलमाने आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क नागरिकांच्या प्रत्येक समूहाला दिला आहे. तो हक्क मतमोजणीत जिंकावा लागत नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या आम्हां मंडळींना या कलमाचे मोल निराळे सांगावयास नको.

सर्व काही असेच सुरळीत घडत आले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १९८६ च्या डिसेंबरात राजभाषेचा वाद रस्त्यावर आला आणि माणसे प्राणांस मुकली. १९८७ साली कायदा झाला. देवनागरीतील कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटकराज्य झाला. कायद्याने तडजोड साधली. मनांनी ती साधली काय? जिंकलेल्यांनी मराठी बोलणाऱ्याच्या गोंयकारपणाविषयी शंका घ्यावी आणि हरलेल्यांनी कोकणीला बोली म्हणून हिणवावे, हे दोन्ही प्रकार आम्ही आमच्याच ओसरीवर ऐकले आहेत. दुसऱ्या प्रकारात आमचाही आवाज कधीकाळी मिसळला होता, हे कबूल केले पाहिजे. मतपेटीत हरल्यावर निकाल मान्य केला, परंतु शेजाऱ्याची भाषा मान्य केली नाही, तर ती मान्यता अर्धीच म्हणावयाची.

देवाच्या कौलावर माणूस हुज्जत घालीत नाही. लोकांच्या कौलावर घालता येते, आणि तरीही तो पाळावा लागतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येणे कठीण आहे. त्याचा सराव शाळेतील भाषणांपेक्षा घराच्या ओसरीवर अधिक होतो. जेवताना धाकट्याचे म्हणणे खोडून काढले, तरी त्याला पानावरून उठविले जात नाही ना, एवढे जरी प्रत्येक कुटुंबाने पाहिले, तरी पुष्कळ झाले.

मुलीने भाषणाचा शेवट बदलला. तिने लिहिले : ‘माझी आजी १९६७ साली हरली. ती अजून याच गावात राहते आणि अजून मत देते.’ बहुमताचे वाक्य तिने खोडले नाही. फक्त त्याच्या आधी ‘केवळ’ आणि अखेरीस ‘नव्हे’ एवढे शब्द घातले. आजीबाईंनी भाषण दोनदा वाचून घेतले. आम्ही विचारले, “आज पुन्हा कौल झाला तर कोणावर मत द्याल?”

“ते गुप्त असते,” त्या म्हणाल्या, आणि पाव आणावयास निघून गेल्या.