माहेरचं नाव, सासरचं नाव आणि अडकलेला पीएफ

लग्नात ताटभर तांदूळ पसरून त्यात नवरा अंगठीने आपलं नवं नाव लिहितो, आपण लाजत लाजत वाचतो, पेढे वाटले जातात. झालं! नाव बदललं. पण ते तांदूळ काही बँकेत पोचत नाहीत, आणि भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे पीएफच्या दप्तरात तर नाहीच नाही.

गोकुळ शिरगावहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. 2016 ते 2020 अशी चार वर्षं त्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला होत्या. दरमहा पगारातून बारा टक्के कापले जात. मग लग्न झालं, नोकरी सुटली. आता यजमानांच्या पायाचं ऑपरेशन ठरलंय, म्हणून त्यांनी मोबाईलवरून पैसे काढायचा अर्ज केला, तर तो नामंजूर! पीएफला माहेरचं नाव, आधारला सासरचं. जन्मतारीख तीच, बाई तीच, घामाचे पैसे तिचेच. पण कॉम्प्युटर अक्षरं जुळवतो, माणूस नाही.

ताई, धीर सोडू नका. तुमचे पैसे बुडालेले नाहीत. तुमचा बारा आकडी यूएएन क्रमांक कधीचा आहे ते आधी पाहा. 1 ऑक्टोबर 2017 नंतर मिळालेला आणि आधारशी पडताळलेला क्रमांक असेल, तर जानेवारी 2025 पासून नावाची दुरुस्ती बाईला स्वतःच ऑनलाइन करता येते, मालकाच्या मंजुरीवाचून. तुमचा क्रमांक 2016 चा, त्यामुळे तुमचा दुरुस्तीचा अर्ज मंजुरीसाठी कारखान्याकडे जाईल. तेव्हा अर्ज भरून नुसतं वाट पाहत बसू नका, कारखान्याच्या ऑफिसात जाऊन सांगून या. कारखाना बंद पडला असेल तर कागदी अर्जावर अधिकृत व्यक्तीचा सहीशिक्का घेऊन तो कोल्हापूरच्या पीएफ कार्यालयात द्यावा लागतो. नाव सुधारलं, की मगच पैशांचा अर्ज पुन्हा करा.

आणखी एक गोष्ट. अर्ज करताना येणारा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो. आपल्याकडे तो नंबर बहुधा यजमानांचा! ते कामावर, आपण खिडकीपाशी उभ्या, आणि मागे रांग. आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्यावा, हे मी प्रत्येकीला सांगते. बँकेचं खातंही स्वतःच्या नावाचं हवं, आणि त्यावर आधारवरचंच नाव हवं.

ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी हे विशेष वाचावं. लग्नानंतर नाव बदलायची कायद्याने सक्ती नाही. (किती सासूबाईंना हे ठाऊक आहे, कोण जाणे!) मुलगी नोकरी करत असेल, तिचा पीएफ, पॅन, बँक सगळं एका नावावर सुरळीत चालू असेल, तर ते तसंच राहू द्यायला काय हरकत आहे? घरात हाक मारायला हवं ते नाव ठेवा. बदलायचंच असेल तर 1998 च्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंदणी करून दाखला घ्या. नुसतं आडनाव बदलायला तो चालतो. पाळण्यातलं नावही बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावं लागतं. आधारवरचं नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईने केंद्रावर धावू नका. स्पेलिंग एकदा कागदावर लिहून काढा आणि मग आधार, पॅन, बँक, पीएफ सगळीकडे तेच द्या. 'बाई', 'ताई' कुठे लागलं असेल तर तेही बघा. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, यानेही घोळ होतो.

पैसे मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणारे भेटतात. त्यांना ओटीपी सांगू नका. जानेवारी 2023 पासून दर महिन्याच्या 27 तारखेला पीएफचे अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' शिबिर घेतात, तिथे तक्रार ऐकून घेतात. सुट्टी आली तर ते पुढच्या कामाच्या दिवशी असतं. जाताना आधार, पासबुक, लग्नाचा दाखला आणि जुनी पगाराची चिठ्ठी असेल तर तीही पिशवीत टाका.