माळ्यावरचे साचे

‘नवं दिलंस आणि जुनं घेतलंस? वर पैसे घालून?’

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीकडे सत्यनारायणाला गेले होते. तीर्थप्रसाद झाला, माणसं सैलावली आणि घरातली वडीलधारी मंडळी तिच्या मुलाच्या मागे लागली. त्याने हातातलं अलीकडचं रोलेक्स डेटोना देऊन त्याच नावाचं, पण केव्हाच बंद झालेलं, नव्वदच्या दशकातलं मॉडेल घेतलं आहे. काकांच्या मते पोरगा फसला. मामांच्या मते पोरगा पक्का व्यापारी, चार-पाच वर्षांत दुप्पट करील. सल्ला मात्र दोघांनी एकच दिला : आता ते लॉकरमध्ये ठेव. या सल्ल्याचा मला आलेला राग अजून उतरलेला नाही, म्हणून आज घड्याळाबद्दल.

व्यवहार असा. डेटोना 1963 पासून निघतं. वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचं काम करणारं हे घड्याळ मोटारशर्यतीवाल्यांसाठी केलेलं. मुलाने दिलं ते 2023 साली आलेलं मॉडेल 126500 : सिरॅमिकचं कडं, पूर्ण चावी बसली की 72 तास चालणारं. घेतलं ते 16520 : 1988 ते 2000 या काळातलं, पोलादी कड्याचं, चालण्याच्या तासांतही नव्यापेक्षा कमी. दोन्ही 40 मिलिमीटरची. कडं सोडलं तर चार हातांवरून वेगळी ओळखू येणार नाहीत.

मामांना एक आकडा तोंडपाठ होता. पॉल न्यूमन या अमेरिकन नटाचं स्वतःचं डेटोना 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरच्या पुढे गेलं, तो. पण त्या घड्याळाला ती किंमत कशामुळे आली? न्यूमन गाड्यांच्या शर्यतीत उतरायचा, म्हणून जोअन वुडवर्डने, त्याच्या बायकोने, ते त्याला दिलं आणि गाडी सांभाळून चालव अशा अर्थाचे शब्द मागच्या झाकणावर कोरून घेतले. त्याने ते मनगटावर वागवलं आणि पुढे मुलीच्या मित्राला देऊन टाकलं. त्या जातीच्या डायलला तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. दुकानदारांकडे तो माल पडून राहायचा. लॉकरमध्ये ठेवून मोठं झालेलं ते घड्याळ नाही, हे मामांना मी तिथेच सांगितलं.

मुलाने घड्याळ काढून माझ्या तळहातावर ठेवलं. काळी डायल, तिच्यावर तीन छोट्या तबकड्या. सेकंदाचा काटा नवाच्या जागी फिरत होता. 2000 नंतरच्या डेटोनात तो सहाच्या जागी गेला. छोट्या तबकड्यांभोवतीची रुपेरी वर्तुळं तपकिरी झालेली, उकळून दाट झालेल्या चहासारखी. त्या सुमाराच्या काही डायलवर जे वार्निश चढवलं ते काळाबरोबर रंगलं. कारखान्याच्या हिशेबाने हा दोष, पण आता याच रंगासाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात. प्रत्येक घड्याळाचा रंग वेगळा उतरलेला असतो. हे पाहून मी खरोखर हरखले.

‘मावशी, रंगाचं सोड,’ तो म्हणाला. ‘आतलं मशीन झेनिथचं आहे. मी त्यासाठी घेतलं.’

इथे सांगायला हवं की या मुलाचं चाकणला छोटं वर्कशॉप आहे. गाड्यांचे सुटे भाग करतो, स्वतः लेथवर उभा राहतो. मग त्याने जी गोष्ट सांगितली ती काका-मामांनी अर्धी ऐकली आणि जेवायला उठले. मी पानावर उशिरा बसले.

झेनिथ ही ल लोक्ल या स्विस गावातली कंपनी. 1969 साली तिने एल प्रिमेरो नावाचं यंत्र काढलं. आपोआप चावी बसणारं, तासाला 36,000 ठोके देणारं, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग मोजू शकणारं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जपानच्या सायकोने क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विकायला आणलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्विस घड्याळधंद्याचं कंबरडं मोडलं. 1970 च्या आसपास तिथे 90 हजार माणसं या कामावर होती, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती तिसऱ्या हिश्शावर आली. झेनिथची मालकी तेव्हा अमेरिकन कंपनीकडे होती. 1975 साली वरून हुकूम आला : यांत्रिक घड्याळं बंद, यंत्रसामग्री मोडीत काढा.

शार्ल व्हेरमो नावाच्या तिथल्या कारागिराने तो हुकूम मानला नाही. एल प्रिमेरोचे भाग कापायची हत्यारं, कॅम, प्रेसचे साचे, नकाशे असं सगळं त्याने थोडंथोडं करून कारखान्याच्या माळ्यावर नेऊन दडवलं. कुठला साचा कशाचा, हेही नोंदवून ठेवलं. ऐंशीच्या दशकात चावीच्या घड्याळांना पुन्हा मागणी आली तेव्हा कंपनीला नव्याने काही उभारावं लागलं नाही, माळ्यावरून उतरवावं लागलं. रोलेक्सला स्वतःचं असं यंत्र नव्हतं, तिने हेच घेतलं. बरेच बदल केले, ठोके 36,000 वरून 28,800 वर आणले आणि 1988 च्या डेटोनात बसवलं. 2000 साली रोलेक्सने स्वतःचं यंत्र तयार केलं आणि हे थांबलं. पोराने नवं देऊन जुनं घेतलं ते या एका माणसाच्या हिमतीपायी.

‘मशीन काय, कर्ज काढून परत घेता येतं,’ तो म्हणाला. ‘टूल रूम गेली की माणूस संपला.’

आता माझा राग कशाचा, ते सांगते. मॉडेल बंद झालं की त्याचे सुटे भागही हळूहळू बंद होतात. अनेक स्विस कंपन्या तर आपले भाग स्वतंत्र कारागिराला विकतच नाहीत, घड्याळ आमच्याकडेच पाठवा म्हणतात. तिथे ते चकचकीत पॉलिश होऊन येतं, कडेची धार जाते, कधी जुनी डायल काढून नवी बसवली जाते. म्हणून या मुलाने पॉलिश नको, डायलला हात नको, असं ठरवून टाकलंय. आणि लॉकरमध्ये ठेवल्याने काय साधतं? आतलं तेल न वापरताही जुनं होतं, वाळतं. नंतर कोणी चावी दिली की चाकांचे कोरडे आस घासून झिजतात. दुर्मीळ घड्याळ टिकवायचं असेल तर ते उघडता येणारा माणूस टिकायला हवा, हे लाखोंचे भाव सांगणाऱ्या एकाही माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सने 2020 साली यांत्रिक घड्याळाची कारागिरी युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवून घेतली. तिथे ही कला वारसा ठरते, आणि आपल्याकडे तोच माणूस जिन्याखाली बसतो.

जिन्याखाली बसणारे असे एक घड्याळदुरुस्तीवाले माझ्या ओळखीचे आहेत. पुण्याच्या पेठेत एका कापडदुकानाच्या जिन्याखाली त्यांचं काचेचं टेबल. सत्यनारायणानंतर दोन दिवसांनी मी या मुलाला त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी डेटोना उलटंपालटं करून पाहिलं, कानाशी धरलं आणि ‘छान चाललंय, उघडायला नको’ म्हणून परत दिलं.

त्यांच्यासमोर एचएमटी जनता उघडलेलं होतं. आपल्या सरकारी कंपनीचं, 17 खड्यांचं, रोज चावी द्यायचं घड्याळ. 2016 मध्ये सरकारने ती घड्याळकंपनी बंद करायचा निर्णय घेतला, पण घरोघरी ही घड्याळं अजून आहेत. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चिमट्याने बॅलन्सचं चाक उचललं. त्याची हेअरस्प्रिंग लोंबली, थरथरली. लाकडी काडीचं टोक ब्लेडने तासून त्यांनी एकेका खड्याचं भोक पुसलं, काडीवर आलेला काळा चिकटा आम्हाला दाखवला आणि टोक पुन्हा तासलं. हे प्रत्येक भोकाला. त्यांचा हात जराही हलत नव्हता. इतकं मन लावून केलेलं काम मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे, आणि या कामाचे पैसे सांगितले की गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्यात नवं येईल.

अडलं होतं चावीच्या दांडीवर. आपल्याकडच्या घामाने आणि दमट हवेने ती गंजते आणि मोडते. नवी मिळत नाही, म्हणून मेलेल्या घड्याळांच्या डब्यातून दुसरी काढायची, तीही बहुधा गंजलेली. मुलाने मोडकी दांडी मागून घेतली, भिंगाखाली धरली. एका टोकाला आटे, मध्ये खाच, तिच्यापुढे चौकोनी भाग.

‘काका, ही मी करून देतो.’

‘आटे फार बारीक आहेत.’

‘बघतो ना.’

पुढचा पाऊण तास माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मायक्रोमीटर त्याच्या गाडीत होता, तो आणला. मापं घेतली, कागदावर आकृती काढली, चौकोनाच्या कडेवरून दोघांचं वाजलंसुद्धा. घड्याळवाल्या काकांचं म्हणणं, मूळ दांडीतच तिथे ढिलाई आहे, नव्यात ती काढून टाक. मुलाचं म्हणणं, आधी मुळाबरहुकूम करू. शेवटी दोन्ही प्रकारच्या थोड्याथोड्या करायच्या ठरल्या. पोलाद कुठलं वापरायचं यावर अजून फोन चालू आहेत. पहिला लॉट गणपतीनंतर. एचएमटीचं जनता, पायलट किंवा कोहिनूर कोणाच्या घरी चावीवाचून पडलं असेल तर त्यांनी या वर्तमानपत्राच्या पत्त्यावर मला कळवावं. मॉडेलचं नाव आणि झाकणावरचे आकडे लिहा. पॉलिश मात्र करू नका.