पट्टी निघावी, क्लिप टिकावी
मोटारीच्या आतली प्लास्टिकची पट्टी काढताना बहुधा तिच्यामागची क्लिप तुटते. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होते. चिकनकारीसाठी प्रसिद्ध असलेल्या लखनौच्या चौक भागात जानेवारीच्या कडाक्यात रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी आधी तासभर उन्हात ठेवावी. मग झाकणाखाली लपलेले स्क्रू शोधून काढावेत. फटीजवळ मलमलीची घडी ठेवून प्लास्टिकची चपटी पट्टी आत सरकवावी व क्लिपेजवळच अलगद उचलावे. स्क्रू-ड्रायव्हरने ओरखडे पडतात. एका टोकाने खेचू नये. जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. ‘एअरबॅग’ अशी खूण असलेल्या भागाला मात्र घरी हात लावू नये. ती अचानक उघडली तर इजा होते. ते काम जाणकार मेकॅनिकवरच सोपवावे.